ज्याला मत नाही, त्याला माती नाही

ब्राझीलच्या ईशान्य भागात, पेर्नांबुको राज्यात, गालिलेया नावाचा उसाचा एक जुना मळा होता. तिथला घाणा कधीच बंद पडला होता आणि जमीन सुमारे १४० कुटुंबं खंडाने कसत होती. या पट्ट्यात खंडाशिवाय मालकाच्या शेतात ठरावीक दिवस फुकट राबण्याची वेठही असे. १९५५ च्या सुमारास इथल्या कुळांनी एक मंडळ काढलं. वर्गणी कशासाठी, तर बी-बियाणं, अवजारं, मुलांसाठी एक शिक्षक आणि शवपेट्या. तिकडे गरिबाला नगरपालिकेची शवपेटी मिळायची, पण ती उसनी. प्रेत कबरीपर्यंत न्यायचं, खड्ड्यात उतरवायचं आणि रिकामी पेटी पुढच्या मयतासाठी परत करायची. निदान मेल्यावर तरी स्वतःच्या पेटीत निजावं, एवढंच या माणसांचं मागणं होतं. मंडळाचं मानाचं अध्यक्षपद त्यांनी मालकालाच देऊ केलं होतं. तरीही मालकाच्या घरात पाल चुकचुकली. मंडळ मोडा नाहीतर जमीन सोडा, असं फर्मान निघालं. कुळं रेसिफे शहरातल्या फ्रान्सिस्को जुलियांव या वकिलाकडे गेली, खटला उभा राहिला आणि शवपेटीच्या वर्गणीतून निघालेली ही संघटना 'शेतकरी लीग' म्हणून ईशान्येत पसरली. १९५९ मध्ये राज्य सरकारला तो मळा कुळांसाठी संपादित करावा लागला.

भारताच्या अडीचपटीहून मोठ्या या देशात कसणाऱ्याला जमीन मिळू नये, हे कोडं जमिनीच्या टंचाईने सुटत नाही. त्याचं उत्तर सत्तेच्या वाटपात आहे, आणि ते तीन सालांच्या क्रमात स्वच्छ दिसतं. सप्टेंबर १८५० मध्ये ब्राझीलने आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर परिणामकारक बंदी घातली आणि अवघ्या दोन आठवड्यांत जमिनीचा कायदा केला. सरकारी पडीक जमीन यापुढे फक्त विकत घेऊनच मिळेल, नांगरली म्हणून कुणाची होणार नाही, असं त्यात ठरलं. आलेला पैसा परदेशातून मजूर आणण्यासाठी वापरायचा होता. या कायद्यामागचा विचार राज्यकर्त्यांनी लपवला नव्हता. जमीन स्वस्त राहिली तर येणारा प्रत्येक जण स्वतःचं शेत करील आणि मळ्यांवर राबायला कुणी उरणार नाही, म्हणून जमीन महाग हवी. नावाने हा जमिनीचा कायदा असला तरी कामाने तो मजुरांचा कायदा होता. पुढे १८८१ मध्ये निरक्षरांना मतदारयादीबाहेर ठेवणारा कायदा आला. त्यानंतर १८८८ मध्ये गुलामगिरी संपली. म्हणजे बेड्या तुटल्या तेव्हा सुटलेल्या माणसासाठी जमिनीचा दरवाजा ३८ वर्षांपूर्वीच लागलेला होता आणि मतपेटीचा ७ वर्षांपूर्वी.

ज्यांच्या हाती कागद होते, त्यांचं मात्र १८५० च्या जमिनीच्या कायद्याने काही अडलं नाही. बनावट कागदांवर जमीन बळकावण्याला ब्राझीलमध्ये 'ग्रिलाजें' म्हणतात. 'ग्रिलो' म्हणजे रातकिडा. नवं खोटं खरेदीखत रातकिड्यांसोबत पेटीत कोंडायचं. किड्यांच्या विष्ठेने आणि कुरतडण्याने कागद पिवळा, जीर्ण दिसू लागला की तो आजोबा-पणजोबांच्या काळचा म्हणून नोंदणीला न्यायचा. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे घातलेल्या वाचकाला या रातकिड्याची ताकद वेगळी सांगायला नको.

निरक्षरांवरची मतबंदी १९८५ पर्यंत टिकली. १९५० च्या जनगणनेत १५ वर्षांवरची निम्मी लोकसंख्या निरक्षर होती आणि ईशान्येच्या खेड्यांत हे प्रमाण त्याहून बरंच जास्त होतं. ज्याला जमीन हवी तो मतदारच नाही आणि जो मतदार आहे तो बहुधा मालकाच्या शब्दाबाहेर नाही, अशा संसदेकडून जमीनवाटप कसं होणार? १९४६ च्या राज्यघटनेने संपादित जमिनीची भरपाई आधी आणि रोखीने देण्याची अट घातली होती. मोठ्या प्रमाणावर जमीन घ्यायची तर तिजोरीच रिती करावी लागली असती. ही अट काढायला संसद तयार नव्हती. १३ मार्च १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जुआंव गुलार्त यांनी रिओमधल्या प्रचंड सभेत, केंद्राचे महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या दोन्ही बाजूंच्या दहा किलोमीटर पट्ट्यातल्या मोठ्या जमिनी संपादनासाठी खुल्या करणाऱ्या आदेशावर सही केली. निरक्षरांना मत द्यावं, हीसुद्धा त्यांच्या सुधारणांमधली एक मागणी होती. तीन आठवड्यांच्या आत लष्कराने सत्ता घेतली. शीतयुद्ध, महागाई, बराकींमधली अस्वस्थता ही कारणंही त्यामागे होती. पण ग्रामीण भागात सगळ्यात आधी चिरडल्या गेल्या त्या शेतकरी लीग, हे विसरता येत नाही. जुलियांव तुरुंगात गेले आणि पुढे परागंदा झाले.

इथे एक आक्षेप रास्त आहे. त्याच लष्करी राजवटीने १९६४ च्या नोव्हेंबरात 'जमीन संहिता' आणली आणि रोखीऐवजी कर्जरोख्यांनी भरपाई देण्याची घटनादुरुस्तीही केली. लोकशाहीला जे जमलं नाही ते हुकूमशाहीने केलं, असं यावर म्हटलं जातं. कागदावर ते खरं आहे. पण हा कायदा मळ्यांवर फारसा चालवलाच गेला नाही. १९७० नंतर भूमिहीनांना अॅमेझॉनच्या जंगलातून काढलेल्या नव्या रस्त्याकडे धाडण्यात आलं. मालकाच्या बांधाला धक्का न लावता भूमिहीनालाच नजरेआड करायचं, असा तो उपाय होता. तिथे राहणाऱ्या आदिवासींची आणि जंगलाची किंमत कुणी मोजली नाही.

१९८५ मध्ये निरक्षरांना मत मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी पाराना राज्यात भूमिहीनांची 'सें तेर्रा' चळवळ उभी राहिली होती. त्यानंतरच्या दशकांत, विशेषतः १९९५ पासून पुढे, सरकारने लाखो कुटुंबांना जमिनी दिल्या. मताने काहीच बदललं नाही, असं म्हणणाऱ्यांनी ही कालरेषा पाहावी. अर्थात हे मत रक्त सांडल्याविना वसूल झालं नाही. १७ एप्रिल १९९६ रोजी पारा राज्यात एल्दोरादो दुस काराजास इथे रस्ता अडवून बसलेल्या भूमिहीनांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि १९ माणसं मारली. त्यानंतर जमीनसुधारणेसाठी केंद्रात वेगळा मंत्री नेमला गेला.

तरीही मळे शाबूत राहिले, कारण मालकांनी लढाईची जागा बदलली. १९८८ च्या राज्यघटनेत जमिनीचं सामाजिक कर्तव्य मान्य झालं, पण 'उत्पादक' जमीन संपादनातून वगळली गेली. मग उत्पादक कशाला म्हणायचं? हेक्टरी किती पीक, किती गुरं, याचे निकष ठरले ते १९७५ च्या कृषिगणनेवरून. त्यानंतर सोयाबीनचं वाण बदललं, खतं बदलली, हेक्टरी उतारा कितीतरी वाढला, पण निकष जागचे हलले नाहीत. म्हणजे आज अर्धवट कसलेली जमीनही पन्नास वर्षांपूर्वीच्या मापाने 'उत्पादक' ठरू शकते. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष लुला यांच्या सरकारने हे आकडे बदलण्याचं जाहीर केलं. त्यासाठी कृषिमंत्र्यांची सही लागत होती आणि ती झाली नाही. कायदा न मोडता, नुसता एक तक्ता अडवून केवढी सत्ता राखता येते, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही. संसदेतल्या शेतमालक गटात आज कनिष्ठ सभागृहाच्या ५१३ पैकी निम्म्याहून अधिक सदस्य मोडतात.

सर्वांत वजनदार आक्षेप उत्पादनाचा आहे. ब्राझील आज सोयाबीन आणि साखरेचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार आहे. मग मोठे मळे तोडून हे यश का गमवायचं? या यशाचा पाया, हे मान्य करायला हवं, केवळ मालकांच्या कर्तृत्वाचा नाही. सेर्रादो या मध्य ब्राझीलमधल्या गवताळ पट्ट्याच्या आम्ल जमिनीत सोयाबीन रुजवलं ते १९७३ मध्ये स्थापन झालेल्या 'एंब्रापा' या सरकारी संशोधन संस्थेने, आणि त्यात स्वस्त सरकारी कर्जाचाही वाटा होता. २०१७ ची कृषिगणना याहून महत्त्वाचं सांगते. कौटुंबिक शेतीकडे शेतजमिनीचा २३ टक्के वाटा होता आणि उत्पादनाच्या मूल्यातही २३ टक्केच. म्हणजे जमिनीच्या मानाने लहान शेतकरी कमी पिकवत नव्हता. मात्र शेतीत काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकी ६७ त्याच्या शेतावर होती. मोठी शेती म्हणजेच जास्त पीक, हे समीकरण या आकड्यांपुढे टिकत नाही.

वाटलेल्या जमिनी अनेकांनी सोडल्या, काहींनी विकल्या, हेही खरं आहे. दूर कुठेतरी, रस्ता, पाणी आणि कर्ज नसलेल्या जागी वसवलेलं कुटुंब टिकत नाही, हा दोष वाटपाच्या पद्धतीचा आहे. पिकं निघणारी, बाजाराजवळची जमीन मळ्यांकडे आणि उरलेली भूमिहीनांना, ही वाटणीसुद्धा सत्तेनेच ठरवली. त्याच २०१७ च्या गणनेत हजार हेक्टरांहून मोठ्या मळ्यांची संख्या एकूण शेतांच्या सुमारे एक टक्का होती आणि त्यांच्याकडे देशातली जवळपास निम्मी शेतजमीन होती.