उसना डंख

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत ओहोटी भल्या पहाटे तळाला जाते. हाजी अलीचे खडक उघडे पडतात, त्यांच्या फटींत घोटाभर पाणी साचून राहतं. हिवाळ्यात तेव्हा अंधारच असतो. टॉर्च आणि भिंग घेऊन मी एखाद्या डबक्यापाशी बसते आणि आधी हायड्रॉइड शोधते. समुद्री गोगलगाय शोधायची ती त्यानंतर.

हायड्रॉइड दिसतो रोपट्यासारखा, पण तो जेलीफिशच्या नात्यातला प्राणी. बारीक देठ, टोकाला नाजूक फुलोरा आणि त्या फुलोऱ्यात असंख्य डंखकुप्या. प्रत्येक कुपीत विष आणि गुंडाळलेली पोकळ दोरी. स्पर्श झाला की दोरी उलटी होऊन बाहेर सुटते. गोड्या पाण्यातल्या हायड्रामध्ये हा स्फोट सेकंदाच्या दहालाखाव्या भागाहूनही कमी वेळात होतो. अशा फुलोऱ्यावर नखाएवढी, कवच नसलेली गोगलगाय चढते आणि एकेक टोक कुरतडत राहते. भिंगातून हे बघताना मी श्वास रोखून धरते.

तिच्या तोंडाला आणि अन्ननलिकेला चिवट अस्तर असतं. अंगावरचा चिकट द्रवही डंखांना आवर घालतो. पक्व कुप्यांपैकी बऱ्याच खातानाच फुटून वाया जातात; कोवळ्या मात्र न फुटता आत जातात. पाठीवर झिरमिळ्यांसारखी बोटं असतात, प्रत्येकात पचनग्रंथीची एक शाखा आणि टोकाला एक पिशवी. पिशवीतल्या पेशी कुप्या गिळतात, पण पचवत नाहीत. तिथे कुपीतली आम्लता वाढत जाते आणि ती पक्व होते. माशाने तोंड लावलं की पिशवी आक्रसते, टोकाच्या छिद्रातून कुप्या बाहेर पडतात आणि फुटतात. पूर्वी अनेक अभ्यासक मानत, की या कुप्या गोगलगाय स्वतःच घडवते. त्या भक्ष्याकडून येतात हे प्राणिशास्त्रज्ञ ग्रोव्हनर यांनी १९०३ मध्ये पुराव्यानिशी मांडलं.

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर येऊन पायांना भाजून काढणाऱ्या ब्लूबॉटल या जेलीफिशच्या आणखी एका नातेवाइकाला ग्लॉकस ही निळी गोगलगाय खाते. तिचा उसना डंख माणसालाही झोंबतो.

स्पंज खाऊन त्यातली रसायनं उसनी घेणाऱ्या गोगलगायींची निवड तर आणखी काटेकोर. पूर्व ऑस्ट्रेलियातल्या क्रोमोडोरिसच्या पाच जाती तपासल्या, तेव्हा त्यांच्या अंगाच्या कडेला, म्हणजे मासा पहिला चावा घेईल तिथे, लॅट्रंक्युलिन-ए हे एकच जहाल रसायन साठवलेलं सापडलं. भक्ष्यातून आलेली इतर रसायनं होती, पण ती आतल्या अवयवांत.

हायड्रॉइडखाऊ गोगलगायीचा साठा एकदा वापरला की संपतो. पिशव्या पुन्हा भरायच्या तर पुढचे काही दिवस खात राहावं लागतं, आणि त्यासाठी खडकावर हायड्रॉइडचा झुपका शाबूत हवा. तो बहुधा दगडाच्या सावलीतल्या बाजूला असतो. म्हणून बरोबर येणाऱ्या प्रत्येकाला मी बजावते: दगड उलटलात, तर जसा होता तसाच परत ठेवा.