शंभरी ओलांडलेली पार्ले टिळक आणि पालकांनी विचारायचा पहिला प्रश्न : तुकड्या किती?

शाळा निवडायची वेळ आली की पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. दहावीचा निकाल किती? सेमी आहे का? फी किती? घरापासून लांब आहे का? हे चारही प्रश्न रास्त आहेत. पण मराठी माध्यमाची अनुदानित शाळा बघायला जाणार असाल, तर आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पाचवीला तुकड्या किती आणि दहावीला किती?

एवढ्याशा प्रश्नात काय आहे, हे समजून घ्यायला विलेपार्ल्याच्या पार्ले टिळक विद्यालयाइतकं चांगलं उदाहरण उपनगरात शोधून सापडणार नाही.

गाव मुंबईत यायच्या आधीची शाळा

लोकमान्य टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात झालं. त्यानंतर वर्षभरातच, १९२१ साली, पार्लेकरांनी त्यांच्या नावाने शाळा काढली. तेव्हा पार्लं मुंबईत नव्हतंच. पार्लं, अंधेरी, घाटकोपर हा भाग बृहन्मुंबईच्या हद्दीत आला १९५० साली, आणि बोरिवली-मुलुंड तर १९५७ साली. पश्चिम मार्गावर विजेवरची लोकल बोरिवलीपर्यंत धावायला लागली १९२८ ला. ज्या बिस्किटांमुळे पार्ल्याचं नाव देशभर पोचलं, त्या कंपनीची सुरुवातही १९२९ची. म्हणजे शाळा या सगळ्यांच्या आधीची!

मुद्दा असा की ही शाळा सरकारने काढलेली नव्हती. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन काढलेली होती. दोन वर्षांनी, १९२३ ला, पार्ल्यातच लोकमान्य सेवा संघ उभा राहिला. शाळा, वाचनालय, व्याख्यानमाला असं सगळं आपणच उभं करायचं, ही त्या काळच्या उपनगरी मराठी मध्यमवर्गाची रीत. पु. ल. देशपांडे याच शाळेचे विद्यार्थी, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

आज पार्ले टिळक विद्यालय असोसिएशन ही बरीच मोठी संस्था आहे. पार्ल्यात मराठी माध्यमाची शाळा आहेच, शिवाय इंग्रजी माध्यमाची आहे, आयसीएसईची वेगळी आहे. अंधेरीचं परांजपे विद्यालय आणि १९६० साली सुरू झालेलं डहाणूकर वाणिज्य महाविद्यालयही याच संस्थेचं. त्यामुळे शेजारच्या काकू 'आमच्या नातवाला पार्ले टिळकमध्ये मिळालं' असं म्हणाल्या, तर कुठल्या, हे विचारून घ्या. माध्यम वेगळं, बोर्ड वेगळं, फीचं गणित तर पूर्णच वेगळं. इथे बोलायचंय ते हनुमान रोडवरच्या मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेबद्दल आणि तिच्यासारख्या इतर मोठ्या शाळांबद्दल.

'सगळ्यांसाठीची मोठी शाळा' म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये एकेकाळी मूल अकरा वर्षांचं झालं की परीक्षा व्हायची. हुशार ठरलेली मुलं ग्रामर स्कूलला, उरलेली दुसरीकडे. अकराव्या वर्षी नशीब ठरवणं अन्यायाचं आहे अशी टीका वाढत गेली आणि १९६५ साली तिथल्या सरकारने स्थानिक प्रशासनांना या निवडीविना चालणाऱ्या 'काँप्रिहेन्सिव्ह' शाळांकडे वळायला सांगितलं. एका परिसरातली सगळी मुलं एका शाळेत, अशी ही कल्पना. त्याच सुमारास आपल्याकडे कोठारी आयोग (१९६४-६६) नेमका हाच विचार मांडत होता. डॉक्टरचा मुलगा आणि रिक्षावाल्याची मुलगी एकाच शेजारशाळेत शिकली पाहिजेत, असा त्याचा साधा अर्थ.

आयोगाची ती शिफारस कागदावरच राहिली. पण मुंबईच्या उपनगरात तिच्या सगळ्यात जवळ जाणारी कुठली शाळा असेल, तर ती ही मराठी अनुदानित शाळा. मुलं-मुली एकत्र. प्रवेशासाठी परीक्षा नाही, मुलाखत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत तशी चाळणी लावायला बंदीच आहे. आणि फी अडसर ठरणार नाही इतकी. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंतचं शिक्षण १९८५-८६ पासून मोफत आहे, दहावीपर्यंत मुलांनाही १९९६-९७ पासून. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, दुपारचा पोषण आहारही मिळतो. सत्र शुल्क, संगणक, सहल असे खर्च वेगळे, ते शाळेत विचारून घ्यावेत.

मग पगार कोण देतं?

इथेच तुकडीचा विषय येतो.

अनुदानित शाळा संस्थेची असते, पण मंजूर शिक्षकांचा पगार सरकार देतं. तो 'शालार्थ' प्रणालीतून थेट शिक्षकाच्या खात्यात येतो. यातला कळीचा शब्द आहे 'मंजूर'. शाळेला किती शिक्षक मिळणार हे संस्था ठरवत नाही, मुख्याध्यापकही ठरवत नाहीत. दरवर्षी पटसंख्या बघून शिक्षण विभाग 'संच मान्यता' देतो. त्या एका कागदावर लिहिलेलं असतं की या शाळेत मुलं इतकी, म्हणून शिक्षक इतके. सहावी ते आठवीला साधारण ३५ मुलांमागे एक शिक्षक, असं शिक्षण हक्क कायद्याचं किमान माप. पट घसरला की पद जातं. त्या पदावरचा शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याचं 'समायोजन' दुसऱ्या शाळेत होतं.

हे ऐकायला नुसतं प्रशासकीय वाटतं. वर्गात त्याचं काय होतं ते बघा.

समजा, एका शाळेत आठवी, नववी, दहावीच्या चार-चार तुकड्या आहेत, म्हणजे बारा वर्ग. संस्कृतचे तास आठवड्याला वर्गामागे चार धरले आणि निम्म्या वर्गांनी संस्कृत घेतलं, तरी चोवीस तास झाले. एका शिक्षकाला पुरेसं काम आहे. शाळा संस्कृत शिकलेल्या माणसाला ठेवू शकते. आता तुकड्या चाराच्या एकावर आल्या. वर्ग तीन, संस्कृतचे तास फार तर बारा. तेवढ्यासाठी वेगळा शिक्षक मिळत नाही. मग मराठीच्या बाई संस्कृतही घेतात, किंवा विषय बंद होतो आणि सगळ्यांना हिंदी. हीच गत भूगोलाची, चित्रकलेची, पीटीची. विज्ञान शिकवायला एकेकाळी भौतिक-रसायनवाले सर वेगळे आणि जीवशास्त्राच्या बाई वेगळ्या असत, तिथे एकच माणूस उरतो.

म्हणून मोठी शाळा हे नुसतं मिरवायचं कारण नाही. दहावीला पूर्ण संस्कृत की हिंदी-संस्कृत संयुक्त, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांची तयारी, सहावी-नववीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला कोणी बसवणार का, चालणारी प्रयोगशाळा, कबड्डीचा संघ निवडण्याइतकी मुलं, हे सगळं तुकड्यांच्या संख्येवर उभं असतं. छोट्या शाळेत जिव्हाळा जास्त असतो, हे खरंय. पण तिथला एक शिक्षक गेला की एक विषय जातो.

यातून एक चक्र तयार होतं. पट कमी झाला म्हणून शिक्षक गेला, शिक्षक गेला म्हणून पुढच्या वर्षी पालक गेले. मुंबईतल्या कितीतरी मराठी शाळा अशा आटत गेल्या. शिकवणं वाईट होतं म्हणूनच असं झालं, असं नाही. काही ठिकाणी आसपासच्या चाळी पाडून टॉवर झाले आणि मराठी कुटुंबं विरार-डोंबिवलीला गेली. काही ठिकाणी पालकांनीच इंग्रजी माध्यम निवडलं. बऱ्याचदा त्याच संस्थेचं, त्याच रस्त्यावरचं! १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष आणखी आवळले, तेव्हा शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या त्या याच भीतीने.

संस्थेचं काम मग उरतं काय?

बरंच उरतं. पगार सरकारचा असला तरी इमारत, वीज, पाणी, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, वाचनालयातली पुस्तकं यांचा खर्च भागवताना वेतनेतर अनुदान तोकडं पडतं. डिसेंबर २०२० च्या निर्णयानंतर शिपाई निवृत्त झाला की त्याचं पूर्ण पद भरलं जात नाही, त्याऐवजी शाळेला ठरावीक शिपाई भत्ता मिळतो. शिक्षक भरतीही २ मे २०१२ च्या बंदीनंतर वर्षानुवर्षं अडली आणि पुढे पवित्र पोर्टलवर गेली. पद मंजूर आहे पण माणूस नाही, अशी अवस्था वर्षभरही राहू शकते. तेवढ्या काळात वर्गावर कोण उभं राहतं? ज्या संस्थेकडे देणगीदार आहेत, माजी विद्यार्थी आहेत, ती स्वतःच्या खिशातून मानधनावर शिक्षक नेमते. जिच्याकडे नाहीत, तिथे तो तास 'ऑफ' जातो.

शंभर वर्षांच्या शाळेचा खरा फायदा इथे आहे. परंपरा वगैरे शब्द शताब्दीच्या भाषणात ठीक. पालकाच्या कामाची गोष्ट ही, की जुन्या शाळेमागे तीन-तीन पिढ्यांचे माजी विद्यार्थी असतात आणि त्यातले काही अजून हाकेच्या अंतरावर राहतात.

निकाल शंभर टक्के, म्हणजे शाळा चांगली?

थांबा. दहावीच्या निकालाची टक्केवारी ही परीक्षेला बसलेल्या मुलांची असते, शाळेत आलेल्या मुलांची नसते. नववीत कच्ची असलेली मुलं मागे ठेवली किंवा त्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगितलं, की निकाल आपोआप उजळतो. सगळ्या शाळा असं करतात असं मुळीच नाही, पण करणाऱ्या शाळा आहेत. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती मुलं होती आणि यंदा दहावीला किती बसली, हे दोन आकडे शेजारी ठेवा. मधली बाहेरगावी गेलेली मुलं वजा करूनही मोठी तफावत असेल, तर कारण विचारा. सगळ्यांसाठीच्या शाळेची परीक्षा खरं तर इथेच होते, कारण नव्वद टक्केवाल्या मुलाला कुठलीही शाळा आपलं म्हणते.

२०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तीही नाही जमली तर त्याच वर्गात. त्यामुळे पाचवीत मागे पडलेल्या मुलासाठी शाळा जादा तास घेते का, कोण घेतं, कधी घेतं, हा प्रश्न आता दहावीच्या निकालाइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

सेमीचं काय?

सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. बहुतेक मोठ्या मराठी शाळांत आता हा पर्याय असतो आणि खूपशा पालकांसाठी तोच निर्णायक असतो. फक्त 'सेमी आहे' या उत्तरावर समाधान मानू नका. सातवी-आठवीच्या एखाद्या मुलाची विज्ञानाची वही बघायला मिळाली तर बघा. उत्तरं मुलाच्या शब्दांत आहेत की फळ्यावरून जशीच्या तशी उतरवलेली, हे दोन मिनिटांत कळतं.

हे सगळं पालकाने शोधायचं कुठे?

यातलं बरंच उघड्यावर आहे. केंद्राच्या युडायस प्लस संकेतस्थळावर शाळेची माहिती बघायची सोय आहे. तिथे पट, शिक्षक, वर्गखोल्या यांचे आकडे असतात. अनुदानित शाळा सरकारी पैशावर चालते, त्यामुळे माहिती अधिकारातही संच मान्यतेचा कागद मागता येतो, पण एवढं सहसा करावं लागत नाही. मुख्याध्यापकांना सरळ विचारा. नीट चालणाऱ्या शाळेत हा आकडा तोंडपाठ असतो. पालक-शिक्षक संघाच्या सभेत तर तो विचारलाच पाहिजे. मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कुठल्या विषयाची. मुंबईत माध्यमिक शाळा दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा तीन विभागांच्या शिक्षण निरीक्षकांकडे वाटलेल्या आहेत. पद रिकामं असल्याची तक्रार पालकांनी लेखी द्यायची ती तिथे.

आणि प्रवेश झाल्यावर एक काम लगेच उरका. संच मान्यतेसाठी पट धरला जातो तो साधारण ३० सप्टेंबरचा, आणि अलीकडे त्यात आधार पडताळणी झालेलीच मुलं मोजली जातात. आधारवर 'सोहम' आणि शाळेच्या रजिस्टरमध्ये 'सोहंम', किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक, एवढ्यानेही पडताळणी अडते. मूल रोज वर्गात बसतं, हजेरीला 'उपस्थित' म्हणतं, पण शिक्षकांची पदं ठरवताना ते शाळेत नसतंच. अशी पाच-दहा मुलं निघाली तर एक पद जाऊ शकतं. शाळेतून आधार दुरुस्तीचा निरोप आला, तर दिवाळीच्या सुट्टीची वाट न बघता गणपतीच्या आधीच केंद्रावर जाऊन या.