ग्रीष्मातील अकाली पर्जन्य आणि वैद्यांची परसबाग

सन २०२५ मध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाले. तत्पूर्वीही त्या महिन्यात राज्याच्या अनेक भागांत अवकाळी सरी कोसळत होत्या. पंचांगात ज्येष्ठही लागला नव्हता. मेघांनी आषाढाची वाट पाहिली नाही, इतकेच! अशा उन्हाळ्यात परसबाग हिरवीगार दिसते व पाहणारा सुखावतो. औषधी द्रव्य म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या वैद्याने मात्र सावध असावे, असे आम्हांस वाटते.

ऋतू अव्यापन्न असतील तरच औषधी व जल अव्यापन्न राहतात, हे सुश्रुतसंहितेच्या ऋतुचर्याध्यायात आले आहे. वर्षा ऋतूतील वनस्पती तरुण व अल्पवीर्य असतात, हेही तेथेच सांगितले आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळांचा संग्रह ग्रीष्मात अथवा शिशिरात करावा असा निर्देश आहे. ग्रीष्मच वर्षेसारखा वागू लागला, तर या निर्देशाचे काय करावयाचे?

शतावरीचे उदाहरण घेऊ. कोरड्या उन्हाळ्यात वेल वाळतो व सारा संचय जमिनीखालील मांसल मुळांत राहतो. मोठे पाऊस झाले की नवे कोंब फुटतात आणि त्यांचे पोषण याच संचयावर होते. अशा वेळी खणलेली मुळे पाणीदार व पोचट निघतात, वाळल्यावर वजनही घटते. तेव्हा मेमध्ये खणावयाची राहिलेली शतावरी घाईने न काढता शिशिरापर्यंत राखावी. अश्वगंधा मात्र थांबत नाही. पाणी साचल्यास तिची मुळे कुजतात. कोरफडही बुंध्याशी सडते, म्हणून कुंडीखालील ताटली काढून पाण्याचा निचरा करून द्यावा व गर काढण्यापूर्वी काही दिवस कोरडे जाऊ द्यावेत. गुळवेल व अडुळसा यांची चिंता नको, त्यांना हा पाऊस मानवतो.

भुईआवळी अशा वर्षी लवकर उगवते. तिच्यासोबत तिच्या जातभाईही उगवतात, हे विसरू नये. फळास लहान देठ असून ते गुळगुळीत असेल तर ती आपली नेहमीची. बिनदेठाचे खरबरीत फळ दिसल्यास ती निराळी जाती होय.

खरा धोका वाळवणाचा आहे. दमट हवेत सावलीत पसरलेली पाने काळवंडतात, मुळांना बुरशी धरते. ती झटकून माल पुन्हा उन्हात घालण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. ती आम्हांस मुळीच मान्य नाही. बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन हे पुन्हा वाळविल्याने अथवा क्वाथासाठी उकळल्याने नष्ट होते, असे समजू नये. बुरशी लागलेले द्रव्य टाकूनच द्यावे. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधरसंहितेत म्हटले आहे. म्हणून दमट काळात मोठ्या प्रमाणावर चूर्ण करून ठेवू नये. फार्मसीचालकांनी संग्रहाच्या चिठ्ठीवर दिनांकासोबत त्या आठवड्यातील पावसाचीही नोंद करावी. पुढे चूर्णाचा गंध वा वर्ण बदललेला आढळल्यास कारण शोधणे सोपे जाते.