वळशाची वाट आणि सूर्यास्तापूर्वीचे ताट

घाटकोपर, मुलुंड किंवा चेंबूर येथे राहणारा आणि काळबादेवी-भुलेश्वर परिसरात पेढी असणारा व्यापारी ईस्टर्न फ्रीवेने येऊन पी. डिमेलो मार्गावर उतरला, की कर्नाक पूल ओलांडून थोड्याच मिनिटांत क्रॉफर्ड मार्केटपाशी पोहोचत असे. संध्याकाळी तोच पूल त्याला घरच्या वाटेला लावी. १८३९ ते १८४१ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जेम्स रिव्हेट-कार्नॅक यांचे नाव धारण करणारा, १८६८ साली बांधलेला हा पूल ऑगस्ट २०२२ मध्ये वाहतुकीस बंद झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मध्य रेल्वेने सत्तावीस तासांचा ब्लॉक घेऊन तो पाडला. नवा पूल १० जुलै २०२५ रोजी खुला झाला. मधली सुमारे तीन वर्षे बाजारपेठेने वळशात काढली.

वळशाने अर्धा तास वाया जातो, अशी तक्रार मुंबईत कोणीही करील. चौविहाराचे पच्चक्खाण असलेल्या माणसासाठी मात्र संध्याकाळचा तो अर्धा तास म्हणजे रात्रीचे जेवणच होय. गाडी सिग्नलला थांबते, सूर्य थांबत नाही. पूल बंद झाला तो महिना पर्युषणाचा होता. एरवी फारसा नियम न पाळणारेही चातुर्मासात रात्रिभोजन सोडतात. म्हणजे ज्या दिवसांत घरी वेळेवर पोहोचणे सर्वाधिक अगत्याचे, नेमक्या त्याच दिवसांत रस्ता लांबला.

त्यातही चातुर्मासाचे गणित सरळ नाही. मुंबईत जुलैच्या आरंभी सूर्यास्त सायंकाळी सुमारे ७ वाजून २० मिनिटांनी होतो आणि कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास तो सहाच्या जवळ येतो. सूर्यास्ताच्या दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, आधी मुखशुद्धी व्हावी असा ज्यांच्या घरचा परिपाठ आहे, त्यांचे आषाढात साडेसहापर्यंत चालणारे जेवण कार्तिकात सव्वापाचलाच आटोपते. चार महिन्यांत सव्वा तासाचा फरक. पेढीची कुलपे लागण्याची वेळ मात्र बारा महिने तीच. पूल होता तेव्हा उन्हाळा-पावसाळ्यात थोडे लवकर उठून घर गाठता येई. पूल गेला आणि उरलेले पर्याय तीनच होते. सकाळच्या नवकारशीपर्यंत उपाशी राहावे, नियम मोडावा, किंवा बाजारातच काही शोधावे. आजवर बाजारात फक्त माल आणि भाव पाहणारी अनेक माणसे या तिसऱ्या पर्यायामुळे प्रथमच ताटे पाहू लागली.

वाहनाचा वळसा या शोधात फारसा उपयोगी पडला नाही. पी. डिमेलो मार्गाने दक्षिणेस जाऊन वालचंद हिराचंद मार्गाला वळायचे, जनरल पोस्ट ऑफिसावरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायचे आणि दादाभाई नौरोजी मार्गाने पुन्हा उत्तरेस क्रॉफर्ड मार्केटकडे यायचे. १८८२ साली सोलापुरात एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या आणि १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या वालचंदांच्या नावाच्या रस्त्यावर गाडीत खोळंबून बसताना समाजातील किती जणांना त्या नावाची आठवण झाली असेल, हा प्रश्न वेगळा. टर्मिनससमोर पेरीन नरिमन स्ट्रीटच्या तोंडाशी पंचम पुरीवाल्याचे जुने दुकान आहे. फुगलेल्या पुऱ्या, समोर कढईतून निघताना दिसणाऱ्या. पण जोडीला मुख्यतः बटाट्याची भाजी, आणि गाडी उभी करायला वीतभर जागा नाही. गाडीच्या काचेतून दिसणारे खाणे हे बहुधा असे दुरूनच पाहायचे असते.

खरा लाभ झाला तो पायी निघालेल्यांना. गाडी पूर्वेकडेच सोडून किंवा सरळ लोकल धरून ही मंडळी मशीद स्थानकावर येऊ लागली आणि पादचारी पुलावरून पश्चिमेस उतरू लागली. या स्थानकाच्या नावातील मशीद म्हणजे सॅम्युएल स्ट्रीटवरील बेने इस्राएल समाजाचे १७९६ चे प्रार्थनामंदिर, असे सांगितले जाते. मराठी बोलणाऱ्या त्या समाजाच्या प्रार्थनास्थळाला आसपासचे लोक मशीदच म्हणत. तेथून मांडवीकडे निघाले की मिरची, हळद, सुकामेवा यांचा वास पाठ सोडत नाही. घाऊक धान्य आणि मसाल्याचा मोठा व्यापार वाशीला गेला तरी हा वास गल्ल्यांनी सोडलेला नाही. कच्छहून आलेल्या शेठ नरशी नाथांच्या नावाची गल्ली येथलीच, आणि तिच्यातच अनंतनाथ भगवंतांचे कच्छी दशा ओसवाळ समाजाचे देरासर. पुढे जे. जे. उड्डाणपुलाखालून मोहम्मद अली मार्ग ओलांडला की पायधुनी, १८१२ पासूनचे गोडीजी पार्श्वनाथांचे देरासर, आणि उजव्या-डाव्या हातांना कापड, भांडी, सोने. पेढीवर गाडीने जाणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी ही वाट फक्त पर्युषणाच्या दर्शनासाठी तुडवली होती. आता ती रोजची झाली, आणि रोजच्या वाटेवर भूक लागते.

झवेरी बाजारातली, शेख मेमन स्ट्रीटच्या अंगाची खाऊगल्ली या वाटेवरचा सर्वांत मोठा मुक्काम. मुंबादेवीच्या आसपास निखाऱ्यावर भाजला जाणारा तांदळाचा खिचिया पापड, कढईतून काढून कागदावर पडणारी मूगडाळीची भजी, तव्यावर गुंडाळून तुकडे केलेला जिनी डोसा, पावभाजीचे तवे. बाजाराबरोबर ही गल्ली जागी होते, बाजाराबरोबर मिटते, रविवारी येथे शुकशुकाट असतो. गिऱ्हाईक मुख्यतः गुजराती-मारवाडी असल्यामुळे जैन पदार्थ येथे मागावा लागत नाही, विक्रेताच पुकारतो. तरीही “जैन आहे का?” एवढ्या प्रश्नाने काम भागत नाही, हे काही दिवसांत प्रत्येकाच्या लक्षात येते.

“शेठ, जैनच आहे. कांदा-लसूण काही नाही!” हे उत्तर खरे असते, पण अपुरे. बटाटा? त्याऐवजी कच्चे केळे घातले आहे, हे चांगले. मूगडाळीच्या भज्यांच्या पिठात मिरचीबरोबर आले वाटले जाते. सुंठ चालणाऱ्या घरात ओले आले चालत नाही, आणि हे फार थोडे विक्रेते आपण होऊन सांगतात. जैन पावभाजीत केळे असते, पण फ्लॉवरही असतो, आणि चातुर्मासात अनेक घरांनी फ्लॉवर सोडलेला असतो. तिथी पाळणाऱ्यांना अष्टमी-चतुर्दशीला मटार आणि सिमला मिरचीही वर्ज्य. डोशाचे पीठ रात्रभर आंबवलेले. काहींना ते चालते, काहींना वासी म्हणून नाही. तवा वेगळा असला तरी उलथणे एकच असते. म्हणून नियम पाळणारा माणूस उभ्या उभ्या पाच प्रश्न विचारतो, आणि ज्या विक्रेत्याचा चेहरा तिसऱ्या प्रश्नाला त्रासत नाही त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जातो. गल्लीतील पसंती चवीइतकीच या सहनशीलतेवर ठरते. अशा खाण्यात सर्वांत निर्धोक ठरला तो खिचिया पापड. तांदळाचे पीठ, निखारा, वर तूप किंवा तेल आणि तिखट. चटणी नको म्हटले की झाले.

याच परिसरात भगत ताराचंद हे नाव आद्याक्षरे बदलून एकाहून अधिक पाट्यांवर दिसते. १८९५ मध्ये कराचीत सुरू झालेले हे भोजनगृह फाळणीनंतर मुंबईत आले. डाळ, भाजी, तूप लावलेली रोटी आणि काचेच्या बाटलीतले पातळ ताक, ही त्याची ओळख. द्विदळ पाळणाऱ्याची येथे गंमत होते. डाळ मागवली तर कच्चे ताक सोडावे लागते, ताक हवे तर डाळ सोडावी लागते, आणि दोन्हींचीच तर कीर्ती. अनेक जण भाजी-रोटी आणि ताक यांवर तडजोड करतात. ताकाची बाटली डाळीच्या वाटीपासून हातभर दूर ठेवणारे आजोबा आणि दोन्ही एकदम संपवणारा नातू एकाच टेबलावर दिसू शकतात. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या, १९०५ पासूनच्या बादशहा कोल्ड्रिंकमध्येही पिढ्यांची अशीच फाळणी होते. बर्फ अभक्ष्यात मोजणाऱ्या घरातला फालुदा कोणी प्यायचा, हे वयावर ठरते.

थाळीच्या बाबतीत काळबादेवीची परंपरा मोठी. दादीशेठ अग्यारी लेनमधले १९४५ पासूनचे श्री ठाकर भोजनालय, काळबादेवी रोडवरच्या नरोत्तमवाडीतला फ्रेंड्स युनियन जोशी क्लब, अशी नावे बाजारातील प्रत्येकाला ठाऊक असतात. सांगितले तर कंदमुळाविना वाढणारी, आग्रह करणारी, फुलक्यावर तूप सोडताना हात न आखडणारी ही स्थळे. तरी चौविहारवाल्यांची खरी अडचण कळली ती येथेच. अशा थाळीगृहांत रात्रीची पंगत सहसा सातच्या सुमारास बसते. आश्विन-कार्तिकात तोवर दिवस मावळून जातो. स्वयंपाक जैन, घड्याळ मात्र जैन नाही! त्यामुळे वळशाच्या काळात काही पेढ्यांवर दिवसाची रचनाच उलटी झाली. दुपारचे मुख्य जेवण थाळीत, आणि सायंकाळी पाचला खाऊगल्लीतले किंवा फरसाणवाल्याकडचे हलके खाणे. पोटाला ते पुरते, प्रकृतीला किती मानवते हा वैद्यांचा विषय. रोज तळलेले खाऊन नियम पाळल्याचे समाधान मिळते, पण त्याला आहार म्हणता येत नाही, हेही येथे नोंदवायला हवे.

म्हणूनच या सगळ्या शोधाचे सर्वांत मोलाचे फळ म्हणजे चौविहार गृहे. मुंबईच्या व्यापारी भागांत समाजाच्या आधाराने चालणारी ही भोजनगृहे दुपार उतरल्यावर उघडतात आणि सूर्यास्तापूर्वी बंद होतात. पाटी लहान, जिना अरुंद, आत लांब टेबले. खिचडी, कढी, रोटी, कडधान्याची उसळ, तिथी असेल तर हिरव्या भाजीविना ताट, उकळलेले पाणी. कढीचे ताक तापवलेले, त्यामुळे द्विदळाचा प्रश्न नाही. कोणताही प्रश्न विचारावा लागत नाही, हीच येथली चैन. भिंतीवर त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ लिहिलेली असते आणि वाढणारा तिच्याकडे पाहत हात चालवतो. शेजारच्या खुर्चीवर हिरेदलाल, पलीकडे हिशेबनीस, त्याच्या बाजूला त्याचाच मालक. गाडीने येऊन गाडीने जाणाऱ्या कित्येकांना आपल्या पेढीपासून दोन गल्ल्यांवर असे ताट रोज मांडले जाते, याचा पत्ताच नव्हता.

घरी मात्र या सोयीचे स्वागत सरळ झाले नाही. पाचला बाजारात जेवून आठला घरी पोहोचलेल्या मुलाला आई पाणीही देऊ शकत नाही, कारण चौविहारात पाणीही नाही. सून आणि नातवंडे सहाला जेवून मोकळी. एकत्र कुटुंबातील संध्याकाळची पंगत, जिच्यात दिवसभराच्या वसुलीपासून मुलीच्या स्थळापर्यंत सारे निघते, ती आठवड्यात एका रविवारपुरती उरली. ‘घरात चार बायका असताना बाजारात जेवतो’ हा जुन्या पिढीचा टोमणा अनेक घरांत उमटला. काही सुनांनी त्यावर उपाय काढला. दुपारच्या डब्याबरोबर संध्याकाळचा दुसरा, कोरडा डबा जाऊ लागला: खाखरा, मेथीविना थेपला, मुगाची सुकी डाळ. पेढीवर पाचला दोघे-तिघे भाऊ गादीवर बसून तो उघडू लागले. वडील घरी आणि मुले बाजारात अशी पंगत तुटली, तर भावाभावांची, शेजारच्या पेढीवाल्यांसह, नवी पंगत गादीवर जुळली. ज्या दोन पेढ्यांत उधारीवरून वर्षभर बोलणे नव्हते त्यांच्यात आधी थेपल्याची देवघेव सुरू व्हावी, असेही अशा पंगतीत घडू शकते. कोर्टाच्या नोटिशीपेक्षा ते स्वस्त.

नवा पूल खुला झाला तो आषाढी पौर्णिमेचा दिवस. चातुर्मास नुकताच लागला होता आणि सूर्यास्त वर्षातील सर्वांत उशिराच्या टप्प्यावर होता. ‘सिंदूर’ हे नवे नाव मिळालेल्या पुलावरून पहिल्या आठवड्यात सहाला निघालेले लोक सूर्य असताना घरी पोहोचले, कित्येक घरांत बऱ्याच काळाने सर्वांची पाने एकदम मांडली गेली. श्रावण सरता सरता मात्र दिवस आखडू लागला. भाद्रपदात सूर्यास्त पावणेसातकडे सरकला, आश्विनात सव्वासहाकडे, आणि त्या वेळेला कोणताच पूल पुरेना. दिवाळीच्या गर्दीत पाचच्या ठोक्याला चौविहार गृहाच्या अरुंद जिन्यावर पुन्हा तीच मंडळी रांगेत उभी होती. वाढणाऱ्याने त्यांना ओळखले, आणि तिथी असल्याने ताटात हिरवी भाजी नाही एवढे सांगून आत बसायला सांगितले.