सीनियर फोटोंचा शनिवार

सकाळी सात

ऑक्टोबरच्या मध्यावर सेंट्रल न्यू जर्सीत सातनंतरच उजाडतं. बॅटऱ्या रात्रीच चार्जिंगला लावलेल्या असतात. सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची कार्डं रिकामी करते, लेन्स पुसते, मग हवामान बघते. दुपारनंतर आकाश मोकळं, सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. त्याच्या आधीचा तास मला हवा असतो, म्हणून अशा दिवसाचं वेळापत्रक मी संध्याकाळकडून सकाळकडे मांडत येते.

आजची मुलगी बारावीत, म्हणजे इथल्या भाषेत सीनियर. तिचा इयरबुकचा फोटो शाळेने नेमलेल्या स्टुडिओने कधीच काढलाय: मुलींच्या खांद्यांवर काळं कापड, मुलांना टक्सिडो, मागे सगळ्यांना तोच पडदा. माझ्याकडे लोक येतात ते दुसऱ्या फोटोंसाठी. ते जूनमधल्या ग्रॅज्युएशनच्या निमंत्रणावर जातात, घरच्या भिंतीवर लागतात, आणि मराठी घर असलं की त्याच रात्री सांगली-साताऱ्याच्या फोनवर पोचतात.

साडेनऊ

मुलीच्या आईचा फोन. "ताई, आम्ही सगळेच आलो तर चालेल ना? सासूबाई आल्यात भारतातून. की ती अवघडेल?"

या म्हटलं, सगळे या. या धंद्यातले बरेच जण घरच्यांना गाडीत बसवून ठेवतात. मला ते पटत नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये ही मुलगी कुठल्यातरी डॉर्ममध्ये सामान लावत असेल; ज्या घरातून ती निघणार ते घर फोटोत नको का? मात्र घरच्यांना नुसतं बघत उभं केलं की चौघे चार सूचना देतात आणि मुलगी मिटते. म्हणून दोन गोष्टी मी फोनवरच ठरवून घेते. पहिला तास तिचा एकटीचा. नंतर प्रत्येकाला काम.

कपडे तीन: जीन्सवर ट्रॅक टीमचं जॅकेट, एक साधा ड्रेस, आणि साडी. आईला पैठणी हवी होती. मुलीला आजीची इरकल हवी होती. मी मुलीच्या बाजूने बोलले. गर्द निळ्या अंगाची आणि लाल पदराची इरकल उतरत्या उन्हात फार सुंदर दिसते, आणि ती नेसवायला आजी स्वतः हजर आहे, हे त्याहून महत्त्वाचं.

दुपारी एक

ब्लॅकवेल्स मिल्सला जाऊन जागा बघून येते. डेलावेअर आणि रॅरिटन कालव्याचा हा काठ मला पाठ आहे, तरी पानं दर आठवड्याला रंग बदलतात आणि ऊन दर आठवड्याला वेगळ्या फांदीतून येतं. हा कालवा १८३४ मध्ये खुला झाला. खेचरं ज्या वाटेने बोटी ओढत नेत तीच आता चालायची वाट आहे, आणि पूल उघडणाऱ्या माणसाचं घरही अजून उभं आहे. पाण्यावरून परतलेला उजेड हनुवटीखालची सावली भरून काढतो, त्यासाठी मी इथे येते. परवानगीचा कागद गाडीत आहे, तेवढं पुन्हा पाहून घेते.

शेवटच्या वर्षाच्या फोटोंची चाल अमेरिकेत खूप जुनी. १८६० च्या सुमारास बोस्टनकडचा जॉर्ज के. वॉरेन हा फोटोग्राफर हार्वर्डसारख्या कॉलेजांतल्या मुलांचे फोटो काढायचा. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत; मुलं त्या एकमेकांना देत आणि अल्बम बांधून घेत. तो फोटो वर्गमित्रांसाठी असे. आमच्या घरांत त्याचा पहिला हक्कदार आजी असते.

पावणेचार

गाडीतून सगळे उतरतात. मुलीचे खांदे वर चढलेले. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला कितीतरी कॉलेजांच्या अर्ली डिसिजन अर्जांची मुदत संपते, निबंध अजून अर्धा आहे, असं ती मला चालता चालता सांगते. घरचे मागे पुलाजवळ थांबतात.

पहिली वीस मिनिटं मी फोटो निवडायच्या आशेने काढतच नाही. ती बोलते, मी ऐकते, कॅमेरा मधूनमधून वाजत राहतो, म्हणजे त्या आवाजाची सवय होते. चष्मा काढू का, विचारते. नको म्हटलं, तू रोज चष्म्यात असतेस. काचेवर आभाळ चमकत असलं तर चष्म्याच्या दांड्या कानावरून किंचित वर उचलायच्या. काच खाली झुकते आणि डोळे दिसतात. ८५ एमएमची लेन्स, मागची झाडं विरघळलेली, आणि हळूहळू खाली आलेले खांदे.

पाच

आता घरचे. बाबांच्या हातात मी गोल रिफ्लेक्टर देते. आल्यापासून ते खिशात हात घालून उभे होते, काय करावं कळत नव्हतं. चंदेरी बाजू लावली तशी मुलगी ओरडली, "बाबा, डोळ्यांत!" त्यांनी तो घाईने उलटा केला, पांढरी बाजू पुढे आली, आणि मऊ उजेड तिच्या गालावर टेकला. तो उजेड आपण पाडतोय हे त्यांच्या लक्षात आलं. मग पाऊल पुढे, पाऊल मागे, रिफ्लेक्टर जरासा तिरका; मी काही सांगायच्या आधीच ते दुरुस्त करू लागले. ती त्यांच्याकडे बघून हसली. लेन्सकडे बघून तसं हसू येत नाही.

धाकट्या भावाला तिच्याशी शर्यत लावायला सांगितली. ट्रॅक टीमवाली ती, जिंकली. पाचही जणांचा एकत्र फोटो एफ ५.६ वर, म्हणजे मागे उभा असलेला चेहराही धूसर होत नाही.

साडेपाच

साडी. ब्लाउज-परकर घरूनच घालून आलेली, त्यामुळे झाडामागे एक चादर धरली की पुरतं. आईने चादर धरली, आजी खाली वाकली.

मुलीला विचारून मी इथे कॅमेरा घेऊन आत गेले, आणि आजचं सगळ्यात चांगलं काम इथेच झालं. आजीने निऱ्या चार बोटांवर घेतल्या, अंगठ्याने एकेक दाबत गेली. बोटांची पेरं सुजलेली, नखात हळदीची पिवळी कड, पण एकही निरी सुटली नाही. "पोट आत ओढू नको. श्वास सोड, मग खोचते. नाहीतर चालताना सुटंल." मुलीने श्वास सोडला. आजीने निऱ्या खोचल्या, वरून तळहाताने एकदा चापटल्या, मग पदराची पिन स्वतःच्या दातांतून काढून खांद्याला लावली. आईचा एक हात चादरीवर होता, दुसऱ्याने ती मुलीच्या मानेवरचे केस बाजूला करत होती. तीन पिढ्यांचे हात एका चौकटीत आले, चेहरा एकीचाही पूर्ण नाही.

नंतर पाऊण तास ऊन सोन्यासारखं होतं आणि मला बोलायला वेळ नव्हता.

रात्री आठ

पहिलं काम, कार्डं दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर उतरवणं. ते होईपर्यंत जेवत नाही. मग निवड. आईचा मेसेज येतो: फोटो छान असणार, फक्त चेहरा जरा उजळ करता येईल का?

मी रंग उजळ करत नाही, आणि ते मी दर वेळी लिहून कळवते. पंधरा दिवसांत जाणारी पुटकुळी काढते. जन्मभर राहणारा तीळ ठेवते. गव्हाळ, सावळा चेहरा नीट एक्स्पोज केला तर त्यात जो ऊबदारपणा असतो तो वाढवायची गरज नसते, आणि सतराव्या वर्षी आपल्याच भिंतीवर आपला रंग बदललेला बघणं मुलीला काय शिकवेल, हे मला पुरतं ठाऊक आहे. सोबत कुठलीही दुरुस्ती न केलेला एक फोटो पाठवला: इरकल, लाल पदर, बाबांनी पाडलेला उजेड. उत्तर आलं, "असाच राहू दे."

झोपण्याआधी पुढच्या आठवड्याची यादी. एका मुलाचं सेशन मंगळवारी आहे, आणि त्याने लिहिलंय, आईची हॉस्पिटलात दुपारची शिफ्ट असते, मी एकटाच येईन. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातील. मग पाचच्या आत सूर्य बुडतो आणि शाळा सुटल्यावर फारसा उजेड उरत नाही. मी त्याला विचारलं, घड्याळं मागे जायच्या आधी आईला सुट्टी कधी आहे? गुरुवारी, म्हणाला. गुरुवार लिहून ठेवला.