ॲपमागचे हिशेब (भाग ५) : आयफोन, अँड्रॉइड की दोन्ही?

नवं ॲप काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत हा प्रश्न निघतो आणि बहुतेक वेळा तो पैशांवर मिटवला जातो. पैसे असतील तर दोन्ही, नसतील तर एक. माझ्या मते हा आधी माणसांचा प्रश्न आहे, पैशांचा नंतर. आपलं ॲप कोणाकोणाच्या फोनमध्ये असल्याशिवाय चालणारच नाही, एवढं एकदा कळलं की बरंचसं आपोआप ठरतं.

इन्स्टाग्राम ६ ऑक्टोबर २०१० रोजी आलं ते फक्त आयफोनवर. केविन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर हे दोघंच ते चालवत होते. आयफोन ४ चा चांगला कॅमेरा नुकताच लोकांच्या हाती आला होता आणि फोटोला फिल्टर लावायचा तर सगळ्यांच्या हातात जवळपास सारखाच फोन असणं सोयीचं होतं. अँड्रॉइडवर शेकडो तऱ्हेचे फोन आणि तितकेच कॅमेरे. त्या नादी न लागता त्यांनी दीड वर्ष एकाच फोनवर काढलं. ३ एप्रिल २०१२ ला अँड्रॉइडचं ॲप आलं आणि पहिल्याच दिवसात ते १० लाखांहून जास्त वेळा उतरवलं गेलं. सहा दिवसांनी फेसबुकनं ही १३ जणांची कंपनी १०० कोटी डॉलरना घेत असल्याचं जाहीर केलं. ‘आधी एकच’ म्हणणारी मंडळी हा दाखला नेहमी देतात. तो खराही आहे. पण फोटो टाकणाऱ्याचं काम तिथे असतील तेवढ्या लोकांवर भागतं. आत्याकडे आयफोन नाही म्हणून त्याचं काही अडत नाही.

निरोपाचं तसं नाही. निरोप ज्याला पाठवायचा त्याच्याही फोनमध्ये ॲप हवंच. यान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांचं व्हॉट्सॲपसुद्धा २००९ मध्ये आयफोनपासूनच सुरू झालं, पण तिथे थांबलं नाही. २०१० मध्ये ते ब्लॅकबेरीवर, सिम्बियनवर आणि अँड्रॉइडवर गेलं. पुढच्या वर्षी नोकियाच्या ‘एस ४०’ जातीच्या साध्या, बटणांच्या फोनवरही आलं. हे शेवटचं पाऊल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या फोनचा पडदा बोटभर, मेमरी तुटपुंजी, ॲप लिहायचं ते जुन्या जावामध्ये. अमेरिकेतल्या कुठल्याही नव्या कंपनीनं त्या काळात या फोनकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण आपल्याकडे, इंडोनेशियात, आफ्रिकेत कोट्यवधी लोकांच्या खिशात तोच होता. पुण्यात किंवा दुबईत नोकरी करणाऱ्या मुलाकडे स्मार्टफोन आणि गावाकडच्या भावाकडे नोकिया, अशा घरात व्हॉट्सॲप शिरलं ते या बटणांच्या फोनमुळे. २०१३ मध्ये तर नोकियानं ‘आशा २१०’ हा फोन काही देशांत व्हॉट्सॲपचं वेगळं बटण देऊन विकला. फेसबुकनं फेब्रुवारी २०१४ मध्ये १,९०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला तेव्हा महिन्याला ४५ कोटी लोक व्हॉट्सॲप वापरत होते आणि कंपनीत माणसं होती ५५. म्हणजे अनेक फोनांसाठी ॲप करायला फौज लागते, हेही तितकंसं खरं नाही. त्यांनी ॲपमध्ये जाहिराती, खेळ असलं काही भरलंच नव्हतं. सांभाळायला मुळात थोडं होतं.

याच्या उलट क्लबहाउस. टाळेबंदीच्या काळात गप्पांचं ॲप म्हणून त्याचं नाव झालं, पण ते आयफोनपुरतंच राहिलं. भारतात अँड्रॉइडवर यायला मे २०२१ उजाडला. तोवर ट्विटरची तशीच गप्पांची सोय, ‘स्पेसेस’, अँड्रॉइडवर आलीही होती. गप्पांच्या ॲपला इन्स्टाग्रामची चाल परवडत नाही ती अशी.

खर्चाचं थोडक्यात. ॲपलकडे विकसक म्हणून वर्षाला ९९ डॉलर, गुगल प्लेवर एकदाच २५ डॉलर. ही रक्कम किरकोळ. भारी पडतं ते पुढचं. दुसरं ॲप म्हणजे गोठ्यात दुसरी म्हैस: आणायला एक दिवस पुरतो, वैरण रोज घालावी लागते. दरवर्षी दोन्हीकडच्या प्रणाली बदलतात, जुन्या फोनवर काहीतरी बिघडतं, प्रत्येक दुरुस्ती दोनदा तपासावी लागते. दुसऱ्याकडे काणाडोळा केला तर काय होतं ते स्नॅपचॅटनं भोगलं. आयफोनला झुकतं माप दिल्यानं अँड्रॉइडचं ॲप रखडत चाले. शेवटी ते नव्यानं लिहून २०१९ मध्ये आणावं लागलं.

मग एकदाच लिहून दोन्हीकडे चालवता येईल अशी साधनं? २०१५ मध्ये फेसबुकचं रिॲक्ट नेटिव्ह आलं, २०१८ च्या शेवटी गुगलचं फ्लटर पक्कं झालं. यादी, फॉर्म, पैसे भरणं एवढंच असेल तर खुशाल वापरावीत. छोट्या कंपनीनं तर आधी तीच पाहावीत. पण कॅमेरा, ब्लूटूथ, पार्श्वभूमीत सतत चालणारं काम आलं की दोन्हीकडचं वेगळं लिहिणं चुकत नाही. एअरबीएनबीनं दोनेक वर्षं रिॲक्ट नेटिव्ह वापरून २०१८ मध्ये ते सोडलं, आणि त्यांच्याकडे माणसांची वानवा नव्हती.

आपल्याकडे शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइड. त्यामुळे बाजारभाव, एसटीचं वेळापत्रक, स्पर्धा परीक्षांची तयारी यांसाठी अँड्रॉइडपासून सुरुवात करण्यात काहीच चूक नाही. पण गृहनिर्माण सोसायटीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं ॲप घ्या. इथे ‘एक की दोन’ हा प्रश्नच अर्धवट आहे. गेटवरच्या रखवालदाराला फोन सोसायटीच देते, तेव्हा त्याच्यासाठी स्वस्त अँड्रॉइडवरचं ॲप पुरे. रहिवाशांना मात्र दोन्ही लागतात, कारण शंभर घरांपैकी दहा घरांत आयफोन असले आणि त्या दहांना पाहुणा आल्याची सूचना मिळाली नाही, तर रखवालदाराला इंटरकॉम आणि वही दोन्ही ठेवावी लागतात. मग ॲप घेतलं कशाला, असं सर्वसाधारण सभेत कोणीतरी विचारणारच.

पुढच्या आठवड्यात : ॲपमधून मिळालेल्या पैशातला स्टोअरचा वाटा.