वाचनात अडखळणारे मूल : दोष बुद्धीचा नव्हे

चौथीतील एखादा मुलगा तोंडी हिशेब चटकन करतो, ऐकलेली गोष्ट रंगवून सांगतो. परंतु पुस्तक हाती येताच ‘घर’ऐवजी ‘धर’ वाचतो आणि पुढच्या ओळीवर अडतो. अशा मुलास आळशी वा मठ्ठ ठरविणे सोपे असते. वस्तुतः त्यास ‘डिस्लेक्सिया’, म्हणजेच वाचन-अक्षमता, असू शकते. १८९६ साली डॉ. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज वैद्याने अशाच एका चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. शब्दातील ध्वनी सुटे करून अक्षरांशी त्यांची सांगड घालणे या मुलांना कठीण जाते. ही अडचण बहुधा जन्मजात असते. बुद्धीच्या कमतरतेचे ते लक्षण नव्हे.

मराठी लिपीतील अडथळे

घ-ध, म-भ, ब-व ही अक्षरे दिसावयास जवळची आहेत. ‘कि’ मधील वेलांटी आधी लिहिली जाते, उच्चार मात्र नंतर होतो. ‘सूर्य’ मधील रफार ‘य’च्या माथ्यावर बसतो, पण उच्चारला जातो त्याच्या आधी. जोडाक्षरांनी ही अडचण आणखी वाढते.

यवतमाळमधील विशेष दक्षता

यवतमाळ जिल्ह्यात कोलाम पोडांवर कोलामी, गोंड वस्त्यांत गोंडी, तर बंजारा तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. तेथील मुलांना शाळेतील मराठी प्रथम नवीच वाटते. त्यांचे मागे पडणे हा भाषेच्या अपरिचयाचा परिणाम असू शकतो. त्यास अक्षमता म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, ‘भाषाच वेगळी’ म्हणून खऱ्या अक्षमतेकडे दुर्लक्ष होणेही तितकेच घातक आहे. म्हणून शिक्षकांनी त्याच पोडावरील वा तांड्यावरील इतर मुलांशी तुलना करावी. सारीच मागे असतील तर भाषेचा सेतू बांधावा. बरोबरीची मुले वाचू लागली आणि एकच मूल अडले, तर प्रथम त्याची दृष्टी व श्रवण तपासून घ्यावे आणि मग तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

अध्यापनाची रीत

अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी पाया घातलेल्या पद्धतीत डोळे, कान, वाणी व हात यांचा एकत्र उपयोग होतो. प्रथम ध्वनी, मग अक्षर. बोटाने वाळूत गिरविताना त्याचा उच्चार. एक अक्षर पक्के झाल्यावरच दुसरे. सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. रोज थोडा वेळ, पण नियमाने उजळणी घ्यावी. भर वर्गात मोठ्याने वाचावयास लावून मुलाचे हसे करू नये. प्रगती संथ असते. सुटते ते बहुधा मोठ्यांच्या धीराचे टोक.

कायद्याचा आधार

महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेस दिव्यांगत्वाच्या प्रकारांत स्थान दिले. ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य शैक्षणिक उपाय योजणे हे त्यानुसार शिक्षणसंस्थांचे कर्तव्य आहे. तथापि परीक्षेत मिळणारा जादा वेळ वाचन शिकवीत नाही. ते काम पहिली-दुसरीच्या वर्गातच सुरू व्हावयास हवे. तेथे शिक्षकाने ओळखलेली एक अडचण एका मुलाची शाळा सुटण्यापासून वाचवू शकते.